घरचे अंदाजपत्रक आणि बारा रकाने



वसंत ऋतूतल्या व्याख्यानांत संतवाङ्मय असावे, इतिहास असावा, एखादा कवी असावा, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. आज मात्र ज्वारी, तूरडाळ, गॅसची टाकी आणि मुलांची फी हे विषय घेऊन एक युनियनचा माणूस आपल्यापुढे उभा आहे. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते मोंढ्यातल्या हमालांच्या बैठकांत, पगारपत्रके वाचताना आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा मी अर्थशास्त्र सांगणार नाही. घरचे वर्षाचे अंदाजपत्रक कसे मांडावे आणि त्या कामी स्प्रेडशीट कशी उपयोगी पडते, एवढेच सांगावयाचे आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडे. सरकार आता ‘अर्थसंकल्प’ म्हणते. शब्द भारदस्त आहे. परंतु संकल्प हा पाण्याबरोबर सोडावयाचा असतो, त्यामुळे मला तो घरासाठी नको वाटतो. ‘अंदाजपत्रक’ हा जुना शब्द प्रामाणिक आहे. त्यात अंदाज आहे, म्हणजे चुकण्याची मुभा आहे. आणि पत्रक आहे, म्हणजे तो अंदाज डोक्यात न ठेवता कागदावर उतरविला पाहिजे अशी अटही आहे.

आपल्याकडे हिशेबाची परंपरा नाही असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. पेशव्यांच्या दफ्तरातल्या रोजकीर्दी मोडीत लिहिलेल्या आजही पाहावयास मिळतात. आडत्याची खतावणी, दुकानदाराची उधारीची वही, दुधाच्या रतिबासाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ओढलेल्या रेघा, हे सारे हिशेबच आहेत. पण हा सगळा झालेल्या गोष्टींचा हिशेब आहे. पैसा गेल्यावर तो कुठे गेला हे कीर्द सांगते. तो अजून जावयाचा आहे, कधी जाणार आहे, आणि त्या दिवशी घरात असेल काय, हे सांगणारे निराळे साधन लागते.

आता वर्ष कोणते धरावयाचे? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्या भागात सालगड्याचे साल गुढीपाडव्याला सुरू होते व पाडव्याला संपते. सरकारचे वर्ष १ एप्रिलला, शाळेचे जूनमध्ये, पेरणीचे मृगाबरोबर, आणि व्यापाऱ्याचे लक्ष्मीपूजनानंतरच्या पाडव्याला. निजामाच्या राज्यात आपल्या आजोबा-पणजोबांना फसली साल होते, ते सुगीला बांधलेले. त्यांची अडचण आणखी एक होती. घरात हाली शिक्का आणि सरहद्दीपलीकडच्या बाजारात कलदार, अशी दोन नाणी. सात हाली म्हणजे सहा कलदार. त्यात आणे आणि पैही. १९५७ च्या १ एप्रिलला दशमान नाणी आली, १९५९ साली हाली शिक्का चलनातून गेला, आणि हिशेब सुटसुटीत झाला. ज्या माणसांनी दोन नाणी आणि तीन पंचांगे डोक्यात ठेवून संसार केले, त्यांच्या नातवंडांना बारा रकाने जड जाऊ नयेत. मी स्वतः एप्रिलपासून मार्चपर्यंत वर्ष धरतो. कारण एवढेच की लग्नसराई, शाळा आणि पेरणी हे तिन्ही मोठे खर्च त्यात आरंभीच दिसतात.

स्प्रेडशीट म्हणजे पसरलेला कागद. आडव्या ओळी, उभे रकाने, आणि त्यांच्या छेदाने पडलेली घरे. घरात आकडा लिहावा, नाव लिहावे, किंवा कृती लिहावी. ‘या बारा घरांची बेरीज कर’ अशी कृती एकदा लिहिली की बेरीज ते यंत्र करते, आणि आपण एखादा आकडा बदलला तर न सांगता पुन्हा करते. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. अमेरिकेत डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी हार्वर्डमध्ये व्यापारविद्या शिकत होता. फळ्यावर आकड्यांचा मोठा तक्ता मांडलेला, आणि त्यातला एक आकडा चुकीचा निघाला की त्याच्यामागचे सगळे खडूने पुसून पुन्हा लिहावयाचे, हे त्याने पाहिले. फळाच स्वतःहून आकडे दुरुस्त करील तर किती बरे, या विचारातून त्याने बॉब फ्रँक्स्टन या सोबत्याच्या मदतीने १९७९ साली ‘व्हिजिकॅल्क’ हा कार्यक्रम तयार केला. आजचे एक्सेल, गूगल शीट्स, लिब्रे ऑफिस ही सगळी त्याचीच पुढची पिढी. यांतले शेवटचे दोन फुकट मिळतात, त्यांत मराठी अक्षरे लिहिता येतात, आणि दुसरे तर खिशातल्या मोबाईलवर चालते.

मांडणी अशी करा. पहिल्या रकान्यात बाबीचे नाव, पुढे बारा महिन्यांचे बारा रकाने, आणि शेवटी वर्षाची बेरीज. वरच्या ओळींत जमा, खालच्या ओळींत खर्च, आणि अगदी तळाशी एक ओळ जिचे नाव ‘हातातली शिल्लक’. तिची कृती एकच: मागल्या महिन्याची शिल्लक, अधिक या महिन्याची जमा, वजा या महिन्याचा खर्च. बेरजेसाठी बरोबरचे चिन्ह काढून ‘सम’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहावा, मग कंसात पहिल्या व शेवटच्या घराचे नाव, आणि मध्ये विसर्गासारखी दोन टिंबे. यापलीकडे घरच्या कामाला काही शिकावे लागत नाही.

आता आपण एक कुटुंब समजू. नवरा डाळमिलमध्ये, महिना १४,०००. बायको शिवणकाम करते, तिचे ३,०००. दोन मुले. गावाकडे दोन एकर, त्यात सोयाबीन. दरमहाचा खर्च पाहा: किराणा ६,५००, दूध-भाजी २,०००, घरभाडे २,५००, वीज-गॅस-मोबाईल १,८००, जाणे-येणे १,०००, बचत गटाचा हप्ता १,७००. बेरीज १५,५००. म्हणजे १७,००० तून दरमहा १,५०० उरतात. या घरच्या माणसाला विचारा, तो म्हणेल, भागते आमचे. आणि तरीही तो कर्जात असतो. हे कसे, असे कोणी विचारले की त्याच्या विडी-तंबाखूकडे किंवा हॉटेलातल्या निलंगा राईसकडे बोट दाखविण्याची आपल्याकडे रीत आहे. बोट दाखविण्यापूर्वी वर्ष पसरून पाहा.

एप्रिल आणि मेमध्ये लग्नांचे आहेर, प्रत्येकी ४,०००. मेमध्ये पावसापूर्वी पत्रे बदलणे, ६,०००. जूनमध्ये शाळेची फी, वह्या, गणवेश १४,०००. त्याच महिन्यात बी-खत व पेरणी १५,०००. जुलैत खुरपणी-फवारणी ७,०००. ऑगस्टात आजारपण येतेच, ४,००० धरा. ऑक्टोबरात दिवाळी ९,०००, आणि बोनस आला तर १०,००० जमा. नोव्हेंबरात सोयाबीन: बारा क्विंटल, भाव ४,२००, हमाली-तोलाई वजा जाऊन ५०,००० हातात. डिसेंबरात येळवस १,५००, जानेवारीत विम्याचा हप्ता ४,०००, फेब्रुवारीत पुन्हा औषधपाणी २,५००.

वर्षाची जमा होते २,६४,०००. खर्च २,५७,०००. शिल्लक ७,०००. बेरीज पाहणारा म्हणेल, उत्तम. आता तळची ओळ वाचू. आरंभी घरात ५,००० होते असे धरा. एप्रिलअखेर २,५००. मेअखेर उणे ६,०००. जूनअखेर उणे ३३,५००. जुलै उणे ३९,०००. ऑगस्ट उणे ४१,५००. सप्टेंबर उणे ४०,०००. ऑक्टोबर उणे ३७,५००. नोव्हेंबरात सोयाबीन आले की एकदम अधिक १४,०००, आणि मार्चअखेर १२,०००.

म्हणजे वर्ष शिलकीचे आहे, आणि त्यातले सहा महिने घर खड्ड्यात आहे. हा खड्डा आळसाने पडलेला नाही, उधळपट्टीनेही नाही. खर्चाचा महिना आणि जमेचा महिना यांच्यामध्ये पाच महिन्यांचे अंतर आहे, म्हणून तो पडतो. आणि तो भरावयास कोण येतो ते आपणां सर्वांस ठाऊक आहे. शेकडा तीन, दरमहा. त्या सहा महिन्यांच्या उणे शिलकांची बेरीज १,९७,५०० येते. तिचे तीन टक्के म्हणजे ५,९२५ रुपये. व्याजावर व्याज मी धरलेलेच नाही. वर्षभराच्या कष्टांतून ७,००० उरले होते, त्यांतले १,०७५ राहिले. बाकीचे ज्याने दोन एकर नांगरले नाहीत आणि डाळमिलची धूळ खाल्ली नाही त्याच्या घरी गेले.

हाच खड्डा दरसाल शेकडा सातने भरला असता तर व्याज ११५० च्या आसपास पडले असते. बँकेचे पीककर्ज त्याच दराने मिळते, वेळेवर फेडले तर आणखी सवलतही असते. पण ते पेरणीच्या रकमेपुरते, आणि त्यासाठी सातबारा, फेरफार आणि मागले खाते साफ हवे. जूनमध्ये पाऊस पडल्यावर बँकेच्या दारात उभे राहून हे होत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्येच कागद जुळवावे लागतात. आणि जूनमध्ये ३३,५०० चा खड्डा आहे हे फेब्रुवारीत कोणाला दिसते? ज्याने बारा रकाने मांडले आहेत त्याला.

आता एक घर बदलू. सोयाबीनचा भाव ४,२०० च्या जागी ५,३२८ लिहू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने जाहीर केलेला हमीभाव तो हाच. बारा क्विंटलवर साडेतेरा हजारांचा फरक पडतो. सावकाराचे व्याज देऊनही घर उभे राहते. हमीभावाचा मोर्चा हा शेतकऱ्याचा प्रश्न आहे, डाळमिलच्या कामगाराचा त्याच्याशी काय संबंध, असे म्हणणाऱ्या माझ्या काही सोबत्यांना मी हे एक घर दाखवितो. उलट बाजूही पाहू. बाराऐवजी सात क्विंटल लिहा. नोव्हेंबरात घर वर येतच नाही, मार्चअखेर उणे ९,००० उरतात, आणि पुढचे वर्ष त्यातून सुरू होते. सात क्विंटल हा आकडा मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने मराठवाड्यात ज्यांची उभी पिके पाण्यात गेली, त्यांना सातही भारी वाटले असते. म्हणून पत्रकाच्या दोन प्रती ठेवाव्यात, एक बऱ्या वर्षाची आणि एक वाईट वर्षाची. मुलीचे लग्न, नवी मोटारसायकल, लातूरला मुलाची शिकवणी आणि खोली, हे मोठे निर्णय वाईट वर्षाच्या प्रतीवर घ्यावेत.

काही बाबी पत्रकात हमखास राहून जातात. धोंड्याचा महिना त्यांतला एक. २०२३ साली अधिक श्रावण आला, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. जावयाचे वाण, लेकीची साडी, अनारसे. तीन वर्षांनी एकदा येतो म्हणून त्याला ओळ नसते, आणि येतो तेव्हा हजारोंनी येतो. दिवाळीही कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात, तेव्हा बोनस आणि सण एकाच रकान्यात पडतात की नाही हे पंचांग पाहून लिहावे. आणि पाणी. २०१६ साली लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या उन्हाळ्यापासून टँकरची ओळ माझ्या पत्रकातून मी काढलेली नाही. काही वर्षी तिथे शून्य असते. शून्य लिहावयास आनंद वाटतो.

कर्जाविषयी आणखी एक गोष्ट, कारण इथे शिकलेली माणसेही फसतात. पन्नास हजार घ्या, वर्षाला फक्त १२ टक्के, बारा सारखे हप्ते, असे सांगणारे दारोदार येतात. ५०,००० वर ६,००० व्याज, एकूण ५६,०००, हप्ता ४,६६७. ऐकावयास बारा टक्के. पण पहिला हप्ता दिला त्या दिवसापासून आपल्याकडे पन्नास हजार नाहीतच. मुद्दल दरमहा घटते आणि व्याज मात्र पूर्ण पन्नासावर. स्प्रेडशीटमध्ये ‘रेट’ नावाची कृती आहे. तिला हप्त्यांची संख्या, हप्ता आणि मुद्दल सांगितले की ती खरा दर सांगते. या व्यवहारात तो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो. पुढच्या वेळी तो गृहस्थ आला की त्याला चहा द्या आणि हे घर दाखवा.

आता आपल्यापैकी कोणाच्या तरी मनात असेल की, हे सगळे ठीक, पण जिथे पैसाच नाही तिथे पत्रक मांडून काय होणार? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पत्रकाने पगार वाढत नाही. पण पगार का वाढला पाहिजे हे पत्रकाइतके दुसऱ्या कशानेही सिद्ध होत नाही.

१९२१-२२ साली मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने गिरणगावात घरोघर फिरून कामगारांच्या कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले. फिंडले शिरस या अधिकाऱ्याचा तो अहवाल १९२३ साली निघाला. मिळकतीतले निम्म्याहून जास्त पोटातच जात होते, आणि निम्म्याच्या जवळपास कुटुंबे कर्जात होती. अहवालात एक वाक्य आहे, त्याचा आशय सांगतो. कामगाराच्या वाट्याला येणारे धान्य दुष्काळी संहितेतल्या कमाल मापाइतके आहे, परंतु मुंबईच्या तुरुंगात कैद्याला ठरवून दिलेल्या मापापेक्षा कमी आहे. सरकारी अहवालातले हे वाक्य पुढे कित्येक वर्षे कामगारांच्या सभांतून गाजले. शंभर भाषणांनी जे झाले नसते ते त्या जमाखर्चाने केले.

१९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने ठरविले की किमान वेतन गरजेवर मोजावे. एका मिळवत्यामागे तीन माणसांचे खाणे, डॉ. ॲक्रॉइड यांच्या आहाराच्या मापाने, चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि एकूण वेतनाच्या २० टक्के इंधन, दिवाबत्ती व किरकोळ. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार, करमणूक, म्हातारपण व लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के मिळविले. हे काय आहे? हे एका घराचे अंदाजपत्रकच आहे. फरक इतकाच की ते परिषदेत आणि न्यायालयात मांडले गेले. म्हणून मी मागणीपत्र लिहावयास बसतो तेव्हा आधी वीस-पंचवीस घरांची पत्रके पुढे ठेवतो, नावे काढून. एका वाटाघाटीत समोरचे गृहस्थ म्हणाले, तुमच्या लोकांना पैसा वापरता येत नाही. मी तक्ता त्यांच्याकडे सरकवला आणि म्हणालो, साहेब, यातली कोणती ओळ खोडू ते आपणच सांगा. ते बराच वेळ वाचत होते. त्या वर्षी जी वाढ मिळाली ती फार नव्हती, पण ‘वापरता येत नाही’ हे वाक्य पुन्हा ऐकावयास मिळाले नाही.

महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर ठरतो, तोही अशाच कुटुंबांच्या खर्चातून बनतो. सध्याच्या मालिकेचे आधारवर्ष २०१६; तिच्यात अन्नपेयांचा वाटा ३९.१७ टक्के धरला आहे, आधीच्या २००१ च्या मालिकेत तो ४६.२ होता. आपल्या बाजूचे केंद्र म्हणजे सोलापूर. सरकारच्याच २०२३-२४ च्या पाहणीप्रमाणे ग्रामीण कुटुंबांच्या खर्चात अन्नाचा वाटा ४७ टक्क्यांच्या जवळ आहे. आपल्या घरचा वाटा किती, हे पत्रकाच्या शेवटच्या रकान्यात एक भागाकार केला की कळते. तो ५५ निघाला तर ३९ च्या मापाने मोजलेली महागाई आपली नव्हे, हे आपण ठामपणे म्हणू शकतो. १९६३ साली मुंबईच्या कामगारांनी, निर्देशांक आमची महागाई नीट मोजत नाही, म्हणून आंदोलन केले. महाराष्ट्र सरकारला प्राध्यापक लकडावाला यांची समिती नेमावी लागली, आणि निर्देशांक कमी दाखविला जात होता हे मान्य करावे लागले. त्या कामगारांजवळ संगणक नव्हता, पण किराण्याच्या पावत्या होत्या.

शिलकीविषयी सावधगिरीचा एक शब्द. १९०२ साली नामदार गोखले कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले तेव्हा सरकारची तिजोरी शिलकीत होती व सगळे अभिनंदन करीत होते. गोखल्यांनी दाखवून दिले की देश दुष्काळाने पोळलेला असताना ही शिलक म्हणजे लोकांवर गरजेपेक्षा जास्त कर बसल्याची खूण आहे. घरातही असेच होते. औषधाच्या ओळीत वर्षभर शून्य आणि तळाशी पाच हजार शिल्लक, असे पत्रक मला दिसले की मी विचारतो, आजारी कोण पडले होते? बहुतेक वेळा घरातली बाई पडलेली असते, आणि तिने ते कोणाला सांगितलेले नसते.

म्हणूनच पत्रक दोघांनी मिळून भरावे. नवऱ्याच्या मोबाईलवर कुलूप लावून ठेवलेली स्प्रेडशीट कुचकामी आहे. किराण्याचा खरा आकडा घरधनिणीला ठाऊक असतो, कर्जाचा खरा आकडा बहुधा नवऱ्याला. दोन्ही एका कागदावर येईपर्यंत तळची ओळ खोटी राहते. पहिल्या दिवशी थोडे भांडण होईल, तेही धरून चालावे.

सुरुवात करण्यासाठी पाडव्याची वाट पाहू नये. विजेची मागली तीन बिले, दुकानदाराची वही, बचत गटाचे पुस्तक आणि शाळेची पावती घेऊन चालू महिन्यापासून बसावे. आठवेल तेवढे लिहावे, न आठवणारे ढोबळ धरावे, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला अंदाजाच्या खाली प्रत्यक्ष आकडा टाकावा. तीन महिन्यांत अंदाज बऱ्यापैकी जुळू लागतो.

व्याख्यानापूर्वी एका भगिनीने मला विचारले, आमच्याकडे साधा फोन आहे, आम्ही काय करावे? त्यांनी मुलाच्या चित्रकलेच्या वहीतला एक मोठा कागद आडवा घ्यावा, त्यावर चौदा उभे रकाने आखावेत, आणि पेन न वापरता पेन्सिल वापरावी. यंत्र जे क्षणात करते ते खोडरबराने रात्रीच्या अर्ध्या तासात होते. ज्यांना आखलेला कागद हवा असेल त्यांच्यासाठी काही प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. त्यात टँकरची आणि धोंड्याच्या महिन्याची ओळ आधीच घातलेली आहे.